‘टरफल’ची पत्रिका

शेषेरावांनी तो फोटो शनिवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ‘ढगे परिवार’ ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘अभिनंदन करावे किंवा कसे, ते संबंधितांनी कळवावे.’ रेल्वेच्या विभागीय कार्यालयात तेहतीस वर्षं टिपण्या लिहिलेला माणूस. घराला आग लागली तरी आधी ‘सादर’ लिहील आणि मग पाणी मागवील.

त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोनं, बबितानं, फोन उघडला आणि फोटो बोटांनी मोठा करून बघितला.

फोटो तिच्याच टेबलावरच्या प्रूफाचा होता. काळ्या रंगावर लातूरच्या एका दाळ मिलचा फोटो. त्याखाली डाव्या बाजूला ‘चि. रविकिरण’. उजव्या बाजूला ‘चि. सौ. कां. तनुजा’. दोघांच्या मधोमध, जिथं ‘यांचा शुभविवाह’ असतो नेमक्या त्या जागी, लाल ठसठशीत अक्षरांत ‘टरफल’. त्याखाली रेकॉर्डिंगची तारीख, वेळ, ‘स्थळ : हत्ते दाळ मिल, लातूर’. आणि अगदी तळाला, जिथं लेकराबाळांची नावं चिमण्यांच्या चौकटीत ‘किलबिल’ म्हणून छापतात, तिथं एकटाच आनंदराज. हा आनंदराज उदगीरचा, सव्वासहा फूट उंच, दाढी छातीपर्यंत, आणि बँडचा ड्रमर.

बँडचं नाव भरडा. अल्बमचं नाव ‘टरफल’. हा कागद कॅसेटच्या डबीत घडी घालून ठेवायचा होता. ही सगळी माहिती कागदावर होती, पण ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ शेजारीशेजारी दिसल्यावर मराठवाड्यात पुढचं कोण वाचतं?

हे प्रूफ कुणी बिघडवलं हे जगात एकाच बाईला माहीत होतं, आणि ती बाई त्या वेळी नांदेडच्या ढगे ऑफसेट प्रेसच्या कॉम्प्युटरसमोर बसून घाम पुसत होती. ऐन लगीनसराईत तीन पत्रिका तुंबलेल्या. नायगावच्या एका पत्रिकेची फाइल उघडीच होती, तिच्यावरच तिनं लेकीनं, तनुजानं, पाठवलेली नावं चढवली. कलश काढला, गणपती काढला, केळीचे खुंट काढले. ‘चि.’ तिनं टाइप केलंच नव्हतं. ते बोटांनी केलं होतं. बावीस वर्षं हीच बोटं मुलाच्या नावाआधी हे आणि मुलीच्या नावाआधी ते मारत आली होती. डोकं आनंदनगरच्या बाजारातल्या भाजीत आणि बोटं आपल्या कामात.

ग्रुपवर एकसष्ट माणसं. सात वाजेपर्यंत अकरा जणांनी हात जोडले, चार जणांनी ‘कोण पाहुणे?’ विचारलं, पुण्याच्या एका चुलतदिरानं ‘पुरोगामी पाऊल!’ लिहून फुलं टाकली आणि पाच मिनिटांत त्याच्या बायकोनं त्याला ती पुसायला लावली. कारण हत्ते म्हणजे लिंगायत आणि ढगे म्हणजे मराठे, हे तोवर ग्रुपभर पसरलं होतं. तोंडानं सगळे आधुनिक. आडनाव वाचताना मात्र प्रत्येकाच्या हातात भिंग.

तिचा नवरा सुदाम कॉम्प्युटरपाशी आला, फोन तिच्यापुढं धरला आणि एवढंच म्हणाला, “हे काय हाय?”

“कॅसेट हाय,” बबिता म्हणाली. ते खरंच होतं.

“आपल्याच प्रेसमधून आपल्याच पोरीची पत्रिका निघाली आन् मला ग्रुपवर कळून राहिलं!”

“अवं, पत्रिका न्हाई ती.”

“मग ‘चि. सौ. कां.’ काय दाळीला म्हणतेत?”

कॉम्प्युटरनं घोळ केला असंल, असं बबिता पुटपुटली. कॉम्प्युटर बिचारा काही बोलला नाही.

*

रविवारी सकाळी अकरा वाजता प्रेससमोर एक पांढरी गाडी थांबली आणि तिच्यातून आधी आवाज उतरला, मग विठाबाई. विठाबाई ही सुदाम-शेषेरावांची थोरली बहीण, लातूरला दिलेली. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासला तनुजा दोन वर्षं हिच्याच घरी होती. तनुजा डॉक्टर झाली नाही. त्याला आपल्या घरचं वरण जबाबदार नाही, हे विठाबाईनं दोन्ही जिल्ह्यांत सांगून ठेवलं होतं.

गाडी विठाबाईची नव्हती. गाडी होती ईश्वरप्पा हत्त्यांची, म्हणजे ज्यांच्यावर तिचा राग होता त्यांचीच. सकाळी सातला ती त्यांच्या दाळ मिलच्या फाटकात उभी राहिली आणि म्हणाली, “चला नांदेडला. आत्ताच्या आत्ता.” लातूर ते नांदेड त्यांच्याच गाडीत, त्यांच्याच एसीत बसून तिनं त्यांना फैलावर घेतलं. ईश्वरप्पा उतरले तेव्हा त्यांचे कान लाल झालेले होते. गाडी चालवत होता रविकिरण, त्यांचा मुलगा, भरडाचा गिटारवाला. केस पाठीपर्यंत, अंगात काळा टीशर्ट, चेहरा मात्र शाळेतून पकडून आणल्यासारखा.

ईश्वरप्पांच्या हातात पाच किलो तूरडाळीची पिशवी होती. हा माणूस जाईल तिथं दाळ नेतो. दवाखान्यात नेतो, कोर्टात वकिलाला नेतो, मयतीलाही नेतो. पण त्या दिवशी ढग्यांच्या दारात ती पिशवी दिसली आणि पलंगावरून आबा ओरडले, “दाळ घेऊ नका! घेतली की बोलणी सुरू झाली म्हणतेन लोक!”

पिराजी आबा म्हणजे सुदाम-शेषेरावांचे वडील, घरातले सगळ्यात थोरले. पत्रिकेत पहिलं नाव त्यांचं असतं.

“आबा, मी कुठंबी दाळच नेतो,” ईश्वरप्पा म्हणाले.

“ते तुमच्या लातूरला. हितं न्हाई.”

पिशवी उंबऱ्यावरच राहिली. येणारा जाणारा तिच्यावरून पाय उचलून जाऊ लागला.

बबितानं सुशीला केली होती. मुरमुरे भिजवून, शेंगदाण्याचं कूट, वरून कोथिंबीर. भांडणाला बसायचं तर रिकाम्या पोटी बसू नये, एवढी रीत ढग्यांच्या घरात अजून शिल्लक होती. सगळ्यांना बशा मिळाल्या. तनुजा भिंतीला टेकून उभी होती, हातात बशी नाही. संध्याकाळी पाचच्या आत हा कागद मुंबईच्या माणसाला गेला नाही, तर कॅसेट भरून देणारा तो एकटा माणूस पुढचे सहा महिने त्यांचा नंबर लावणार नव्हता. तिला फक्त एवढंच पाहिजे होतं, की कागद जावा आणि त्यावर तिचं नाव असावं.

शेषेरावांनी घसा साफ केला. “विषय असा हाय की—”

“विषय गेला चुलीत,” विठाबाई म्हणाली. “तने, खरं सांग. ह्या केसवाल्याशी तुझं काय हाय?”

“गिटार हाय, आत्या.”

“गिटारीवर कुणी लगीन करतं का?”

“लगीन न्हाई गं! बँड हाय. मी गाते, ह्यो वाजवतो, आनंदराज ठोकतो. लातूरला क्लासला होते तव्हापासून हाय.”

विठाबाईचा घास हातातच राहिला. “माझ्या घरी असताना? मला तर तू डाऊट सॉल्व करायला जाते म्हणायची.”

“तेच करायचो.”

“कुठं?”

रविकिरणनं पहिल्यांदा तोंड उघडलं. “आमच्या मिलमधी, मावशी. मिल चालू असली की शेजाऱ्यांला कळत न्हाई.”

“मला बी कळलं नव्हतं,” ईश्वरप्पा म्हणाले. “मी म्हणायचो, मशीन लई आवाज करून राहिलंय. दोनदा बेअरिंग बदललं. एक दिवस लाइट गेली, सगळं गप झालं, तरी आवाज चालूच. तव्हा कळलं.”

“लाइट गेल्यावर गिटार बंद पडत असंल की,” शेषेराव म्हणाले. त्यांना चुका काढल्याशिवाय राहवत नाही.

“गिटार बंदच होतं, साहेब. ते हिचं होतं. घशातलं.” ईश्वरप्पांनी तनुजाकडं बोट केलं आणि पुन्हा बशीत बघितलं.

हे वाक्य तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही.

आबांनी विचारलं, “पण आता कॅसेट? ह्या जमान्यात? सगळं तर फोनात हाय.”

आणि मग तनुजा बोलायला लागली. बबितानं लेकीला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. घरात ही पोरगी ‘हाव’, ‘न्हाई’ आणि ‘मम्मी, डबा’ एवढंच बोलायची.

“आबा, हे मेटल संगीत, म्हंजे जड गिटारीचं, कॅसेटवरच पसरलं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी इंग्लंडात एक कारखान्याचं गाव होतं. तिथं एक पोरगा पत्रे कापायच्या कामाला. कामाचा शेवटचा दिवस, आन् मशीनमधी दोन बोटांचे शेंडे गेले.”

“शेवटच्या दिवशी कामाला जायाचंच कशाला?” विठाबाई म्हणाली.

“गेला. आन् तो गिटार वाजवणारा होता. सगळे म्हणले, संपलं. त्यानं प्लॅस्टिकच्या बाटलीचं बूच वितळवून बोटाला टोपणं केली. बोटं दुखायची म्हणून तारा बारीक लावल्या, पुढं ढिल्या बी केल्या. ढिली तार खालच्या आवाजात घुमती. असा जड, काळा आवाज त्याच्याआधी कुणी काढला नव्हता. त्यांचा पहिला अल्बम एका दिवसात रेकॉर्ड झाला. बारा तासांत.”

“आपल्याकडं दोन पानी पत्रिकेला चार दिवस लागतेत,” शेषेराव सुदामकडं बघत म्हणाले.

“दादा, आता माझ्यावर घसरू नका.”

“पुढं ऐका ना, काका. दुकानवाले असल्या बँडला उभं करीत नव्हते. मग पोरं कॅसेटवर कॅसेट भरायची आन् पोस्टानं पाठवायची. ह्या देशातून त्या देशात. कधी तोंड बघितलेलं न्हाई, नुसता पत्ता. पैशे नसायचे, तर तिकिटावर साबण नाहीतर डिंक फासायचे. पोस्टाचा शिक्का त्याच्यावर बसायचा. पलीकडचा माणूस शिक्का धुऊन काढायचा आन् तेच तिकीट लावून परत पाठवायचा.”

शेषेरावांची बशी खाली आली. “साबण? नुसता साबण लावल्यानं शिक्का निघतो?”

“हाव.”

“अरे, तेहतीस वर्षं...” शेषेराव म्हणाले. सरकारी नोकरीत हुकलेल्या गोष्टींची यादी त्यांच्या डोळ्यांपुढून जात होती. “हुशार लोक होते,” ते म्हणाले. आणि बबितानं पाहिलं, की मोठे भावजी फुटले. सकाळपर्यंत विरोधी पक्षाचे अध्यक्ष होते, आता बाकाच्या कडेला येऊन बसले.

सुदाम मात्र हलला नाही. “ते सगळं खरं असंल. कॅसेट काढा, दोनशे काढा, चारशे काढा. लगीन न्हाई हे बी मला पटलं. पण त्या कागदावर तनीचं नाव राहणार न्हाई. गाव वाचतंय, पाहुणे वाचतेत. उद्या सोयरीक आली तर काय सांगू? पोरगी दाळीच्या गिरणीत वरडती? आवाज राहू दे, नाव काढा. नाहीतर ‘टी. ढगे’ टाका. कुणाला कळणार न्हाई पोरगी का पोरगा.”

“बरोबर,” आबा म्हणाले.

“एकदम बरोबर,” विठाबाई म्हणाली.

शेषेराव ‘तसे करता येईल’ म्हणाले आणि बाकाच्या कडेवरून परत मध्ये सरकले.

तनुजाचा आवाज एकदम खाली आला. “पप्पा, नाव न्हाई तर मी बी न्हाई.”

“नावात काय ठेवलंय एवढं?”

“तुम्ही इच्चारता? पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून आत्या घरातल्याच अयोध्याताईच्या लग्नात जेवली नव्हती.”

“तिसऱ्या ओळीत होतं,” विठाबाई म्हणाली. “तिसऱ्या!”

“जुन्या अल्बमच्या मागं बी अशीच यादी असायची, आत्या. आभाराची. ह्या बँडनं त्या बँडचे आभार मानलेले. बारीक अक्षरांत, शंभर शंभर नावं. पोरं ती यादी वाचूनच पुढचा बँड हुडकायची. मी लातूरला दुसऱ्या वर्षी नापास झाले ना, तव्हा तुझ्या माडीवर बसून एक जुनं कव्हर वाचत होते. फोनवर. पोरांची नावं, पोरांची नावं, आन् मधीच एक बाईचं. कुठल्या तरी थंड मुलखातली, गावाचं नाव बी वाचता येईना. हुडकली, ऐकली. माझ्यासारखीच वरडत होती. तिनं ‘टी’ लिहिलं असतं तर मला कळलंच नसतं, की असा आवाज काढणारी मी एकटीच बाईमाणूस न्हाई. मी त्या दिवशी काय करणार होते ते मी सांगत न्हाई. पण मग केलं न्हाई.”

लातूरच्या माड्या आणि नापास झालेली पोरं. ही गोष्ट खोलीतल्या प्रत्येकानं पेपरात वाचली होती आणि घडी घालून रद्दीत टाकली होती. विठाबाईनं पदर तोंडाला लावला.

बबितानं बशा उचलायला सुरुवात केली. हाताला काम नसलं तर तोंडातून खरं बाहेर पडेल अशी तिला धास्ती होती. चूक माझी आहे, ना कॉम्प्युटरची, ना पोरीची. पण बोलायचं तर कुठल्या तोंडानं? बावीस वर्षांत प्रेसमधून हजारो पत्रिका गेल्या. त्यात तिच्या माहेरच्या, सासरच्या, सगळ्या. तिचं स्वतःचं नाव तिनं किती वेळा छापलं? ‘सौ. व श्री. सुदाम पिराजी ढगे’ यातलं ‘सौ. व’ म्हणजे ती. अडीच अक्षरं. तीही तिनंच टाइप केलेली.

*

शेवटी आबाच म्हणाले, “कशावरून भांडून राहिलो ते ऐकू तर द्या.”

आबांचा टेपरेकॉर्डर पलंगाखाली होता. रविकिरणनं खिशातून नमुन्याची कॅसेट काढली. बटण दाबलं. आधी मिलचा घरघराट. मग गिटार, म्हणजे पत्र्याच्या शेडवर गारा पडाव्यात तसं. मग ड्रम. सुदामनं खिडकी लावली. आणि मग तो आवाज आला. विहिरीच्या तळातून कुणी दगड घासत वर आणावा तसा. शब्द लागायला वेळ लागला: ‘सोल मला, सोल मला, आत अजून एक टरफल...’

आबा उठून बसले. “ह्या माणसाला काय झालंय?”

“काही न्हाई, आबा.”

“न्हाई कसं? दवाखान्यात न्या त्याला. कोण हाय ह्यो?”

“मी हाय.”

“तू तर गाणारी ना? हे वरडणारा कोण?”

“आबा, हेच गाणं. हीच मी.”

विठाबाईनं टेप बंद केला. “खोटं! पाच फुटांचं लेकरू, पोळी दीड खातंय. करून दाखव.”

“आत्ता?”

“आत्ता.”

तनुजानं ओढणी कमरेला बांधली. दोन पाय रोवले. पोटावर हात ठेवला, श्वास घेतला, आणि काढला.

शोकेसमधली स्टीलची भांडी वाजली. उंबऱ्यावर बसलेलं मांजर दाळीच्या पिशवीवरून उडी मारून गेलं. खालून छपाईचं मशीन थांबलं आणि कामगार लखन धापा टाकत जिन्यात आला. “मालक, कुणाचा हात गुतला का?” पाठोपाठ समोरच्या मेडिकलवाला, त्यामागं एक रिक्षावाला. बबितानं तिघांनाही सुशीला दिली आणि खाली पाठवलं.

विठाबाई भाचीकडं असं बघत होती जसं तिच्या अंगावर अचानक सोनं दिसलं असावं. “बापरे,” ती म्हणाली. “आन् दुखत न्हाई?”

“पोटातून काढलं तर न्हाई. दोन वर्षं शिकले.”

या क्षणी सगळं गोडीत मिटलं असतं. पण ईश्वरप्पांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटलेला माणूस फार बोलतो.

“ऐकलंत ना?” ते हसत म्हणाले. “आता तुम्हीच सांगा, लगीन कसं हुईल? असल्या आवाजाची सून मी घरात आणीन का? हां, माझ्याकडं एक तोड हाय. तुम्हाला पोरीचं नाव नको, आमची काही हरकत न्हाई. आवाज बी रविकिरणच्याच नावावर टाका. ‘गिटार आणि आवाज : रविकिरण हत्ते.’ पोरगा हाय, खपून जातंय.”

रविकिरण म्हणाला, “अप्पा, गप बसा.” पण उशीर झाला होता.

विठाबाई उभी राहिली. “असल्या आवाजाची म्हंजे कसल्या?”

“न्हाई, म्हंजे—”

“न्हाई, सांगाच. तुमच्या पोराला काढता येतो का? काढ रे, केसाळ. काढ.”

“मला येत न्हाई, मावशी,” रविकिरण प्रामाणिकपणे म्हणाला. “मी ट्राय केलं होतं. तीन दिवस ताकच प्यावं लागलं.”

“बघा!” विठाबाई म्हणाली. “आन् नाव ह्याचं? माझ्या भाचीनं पोटातून काढायचं आन् हत्त्यांनी वरच्यावर मिरवायचं?”

सुदाम उठला. बबितानं नवऱ्याला ओळखलं. पोरीचं नाव पुसायचा हक्क त्याचा, बापाचा. तो दुसऱ्यानं वापरला की तीच अब्रू उलटी होऊन उभी राहते. बायकांच्या आयुष्याचे अर्धे निकाल असेच लागतात, कुणाला तरी त्यांची किंमत कळते म्हणून नव्हे, तर शेजारचा घेऊन जाईल या भीतीनं. निकाल लागला हे खरं.

“ईश्वरप्पा,” सुदाम म्हणाला, “आवाज ढग्याचा हाय. नाव ढग्याचं लागंल. पहिलं लागंल. गिटार खाली.”

“तुम्हीच तर म्हणलात नाव काढा!”

“मी बाप हाय. मी कायबी म्हणंन.”

“ठळक टाका,” आबा पलंगावरून म्हणाले. “माझा आजा असाच वरडायचा. रानातलं डुक्कर शिवारात येत नव्हतं.” हे आबांनी याआधी कधी सांगितलं नव्हतं. खरं असेलच असं नाही.

*

साडेतीन वाजता अख्खं घर जिना उतरून प्रेसमध्ये आलं. बबिता कॉम्प्युटरपुढं बसली आणि तिच्या पाठीमागं सहा माणसं. आबांना खुर्ची. तनुजा कागदाच्या गठ्ठ्यांपाशी, नखं खात.

“हं, घ्या लिहून,” शेषेराव म्हणाले. पत्रिकेचा मजकूर सांगणं हा त्यांचा वंशपरंपरागत मान. “आवाज, दोन टिंबं. कुमारी तनुजा सुदामराव पिराजीराव ढगे. त्याखाली, श्री. शेषेराव पिराजी ढगे, निवृत्त मुख्य लिपिक, यांची पुतणी.”

“पुतणी कशाला मधी?” विठाबाई म्हणाली. “भाची म्हणा. दोन वर्षं मी जेवू घातलं. तो दम वरणाचा हाय.”

“आधी माझं,” आबा म्हणाले. “नात म्हणून.”

“मु. पो. टाका. गावाकडचा तालुका नायगाव बी टाका,” सुदाम म्हणाला. “आन् हत्त्यांची मिल बारीक करा.”

“मिल बारीक कशी?” ईश्वरप्पा खवळले. “घरघर माझ्या मिलची हाय! कॅसेटमधी पहिलं तेच वाजतंय!”

“काका,” तनुजा म्हणाली, “एवढं टाकलं तर गाणं कुठं लिहायचं?” पण तिचं ऐकतो कोण? सकाळी तिचं नाव कुणालाच नको होतं. आता प्रत्येकाला ते हवं होतं, आपल्या नावाला टेकून.

बबितानं ‘आवाज’ टाइप केलं. दोन टिंबं दिली. आणि पडद्यावर बघितलं, तर पुढं ‘कु.’ येऊन बसलं होतं. शेषेरावांनी ‘कुमारी’ म्हटलं आणि बोटांनी आपलं काम उरकलं होतं. तिनं हात उचलून मांडीवर ठेवले.

“थांबा जरा,” ती म्हणाली.

कुणी थांबलं नाही. मग ती मोठ्यानं म्हणाली, “कालचं मी केलं.”

“काय केलं?” सुदाम म्हणाला.

“चि. आन् चि. सौ. कां. कॉम्प्युटरनं न्हाई. मी. पत्रिकेच्या फाइलवरच केलं आन् बघितलंच न्हाई.”

“तू?” विठाबाई म्हणाली. “आन् आम्ही सकाळपासून पोरीला—”

“हाव, आक्का. बावीस वर्षं झाली. पोराचं नाव आलं की एक लागतं, पोरीचं आलं की दुसरं. पोरीचं नाव कुणाच्या तरी शेजारीच बसणार, हे माझ्या बोटांनी आधीच ठरवून ठेवलंय. पोटच्या पोरीला बी सोडलं न्हाई त्यांनी.”

सुदामला काहीतरी बोलायचं होतं. त्यानं प्रेसच्या भिंतीवरचे पत्रिकांचे नमुने बघितले. चाळीसएक होते.

बबितानं ‘कु.’ पुसलं. मग खुर्ची पुढं ओढली, चष्मा खाली घेतला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा कळफलकाकडं बघत, नवशिक्यासारखं, एका बोटानं टाइप केलं. त. थांबली. नु. थांबली. जा.

आवाज : तनुजा.

गिटार आणि ड्रमपुढंही तिनं तशीच नुसती नावं टाकली आणि फाइल बंद केली.

“एवढंच?” शेषेराव पुढं वाकले. “कोणाची? कुठली? काही संदर्भ न्हाई? बबिता, हे नियमात बसत न्हाई.”

तिनं मुंबईच्या माणसाचा नंबर उघडला, फाइल जोडली आणि बटण दाबलं. चार वाजून सहा मिनिटं झाली होती. पडद्यावरची हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली तेव्हाच ती मागं वळली.

“गेली, भावजी. आता ज्याला जे पाहिजे ते दुसऱ्या कॅसेटीला. पोरगी अजून चार काढणार हाय.”

“चार?” विठाबाई म्हणाली. तिनं क्षणभर हिशेब लावला. “मग दुसरीत माझं नाव पहिलं. आत्ताच सांगून ठेवते.”

“पहिलं कसं? आबा बसलेत.”

“आबांचं तिसरीत टाका.”

“मी तिसरीपर्यंत राहतो का, विठे?”

“दुसरी मिलचीच हाय,” ईश्वरप्पा म्हणाले. “जागा कुणाची?”

आणि अजून न सुचलेल्या अल्बमच्या मागच्या पानावर कुणाचं नाव कुठं, यावरून ढगे आणि हत्ते मिळून असे काही भांडायला लागले, की समोरचा मेडिकलवाला पुन्हा बाहेर आला.

तनुजा आईच्या खुर्चीपाशी येऊन फरशीवर बसली.

“मम्मी,” ती हळूच म्हणाली, “चार?”

“काढ आता,” बबिता म्हणाली. “माझ्या तोंडून गेलंय.”